आजीच्या दातांचं कोटेशन: स्क्रूचे दात बसवण्याआधी काय विचारायचं

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत.)

 

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, कारण विषय आहे दात. तेही आपले नाही, म्हाताऱ्या माणसांचे. पण थांबा जरा. घरात हा विषय निघाला की फोन शेवटी आपल्यालाच येतो. "तू इंजिनीअर आहेस न, नेटवर पाहून सांग, स्क्रूचे दात चांगले असतात का?" बीटेक केलं की घरच्यांच्या हिशोबानं टीव्हीचा रिमोट, आधारचं अपडेट, पीएफ आणि आता दात, सगळं आपल्याच सिलॅबसमध्ये.

मी भंडारा जिल्ह्यातला, लाखनी तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. मागच्या वर्षी आजीच्या दातांसाठी आम्ही तीन ठिकाणी फिरलो, त्यात बरंच वाचलं, विचारलं, समजून घेतलं. तेच आज सांगतोय. उपचार मात्र डेंटिस्टला दाखवूनच ठरवायचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. किती इम्प्लांट आणि किती लाख, हे नंतर. आधी दोन गोष्टी विचारा: आजी-आबाजींना नेमकं काय करता यायला पाहिजे, आणि बसवलेल्या दातांची निगा रोज कोण राखणार. या दोन उत्तरांनी कोटेशन अर्ध्यावर येऊ शकतं. कधी कधी साध्या कवळीवरही भागतं.

दात गेल्यावर हाडाचं काय होतं

दात पडला की आपल्याला फक्त खड्डा दिसतो. आत मात्र जबड्याचं हाड झिजायला लागतं. दाताच्या मुळामुळे त्या हाडाला रोज चावण्याचा दाब मिळत असतो. मूळ गेलं, दाब गेला, की शरीर ते हाड हळूहळू कमी करतं. म्हाताऱ्या माणसांचे गाल आत जातात, हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते, ती याच्यामुळेच.

खालचा जबडा जास्त झिजतो. १९७२ साली टॅलग्रेन नावाच्या संशोधिकेनं कवळी वापरणाऱ्या लोकांचा २५ वर्षांपर्यंत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सरासरी ४ पट दिसली.

आता कवळीचं गणित लक्षात येईल. वरची कवळी अख्ख्या टाळूला चिकटून बसते, तिला मोठी जागा मिळते. खालच्या कवळीला मिळतो घोड्याच्या नालीसारखा एक पट्टा, मध्ये हलणारी जीभ, आणि खालचं हाड दरवर्षी थोडं कमी. म्हणून जवळजवळ प्रत्येक घरात तक्रार एकच असते, "वरची बसते, खालची नाचते." आणि चांगली बसलेली कवळी असली तरी चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. भाकर, फुटाणे, पेरू हे ताटातून जातं. राहतो भात आणि पातळ वरण. आपला जिल्हा धानाचा, त्यामुळे कोणाला ते खटकतही नाही.

हा स्क्रू टिकतो कसा

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. तो दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवतात आणि त्याच्यावर दात लावतात.

याचा शोध दातांच्या दवाखान्यात लागलाच नाही. १९५२ मध्ये स्वीडनचे ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते बघत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचं एक उपकरण बसवलं होतं. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. त्यावरून पुढचं सगळं सुरू झालं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाला पहिल्यांदा असे दात बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून जास्त, ते इम्प्लांट काम करत होते.

पण लार्सन त्या वेळी चौतिशीत होते, आणि आपल्या घरातली माणसं सत्तरीची आहेत. मग या वयात चालतं का? चालतं. नुसतं वय जास्त आहे म्हणून इम्प्लांट नाकारत नाहीत. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये १० वर्षांनंतरही १० पैकी ९ हून जास्त इम्प्लांट टिकलेले दिसतात. अडवतं ते वेगळं काही: हाड किती उरलंय, शुगर किती आहे, तंबाखू चालू आहे का, गोळ्या कोणत्या आहेत आणि हात किती चालतो. त्यावर येतोच.

'एका दिवसात पक्के दात'

ही जाहिरात तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल. रीलवर काका हसतात आणि कडक्कन सफरचंद खातात. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

चार इम्प्लांटवर अख्खी पंगत बसवायची पद्धत खरी आहे. पोर्तुगालचे पावलो मालो यांनी ती १९९० च्या दशकात बसवली. मागचे दोन स्क्रू तिरपे टाकतात, म्हणजे मागचं पातळ हाड टाळता येतं. स्क्रू पहिल्या दिवशी हाडात पुरेसे घट्ट बसले, तर त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत तात्पुरते दात लावता येतात.

शब्द नीट ऐका, तात्पुरते. पहिल्या दिवशी स्क्रू हाडात फक्त आवळून बसलेला असतो, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा. हाडानं त्याला खऱ्या अर्थानं धरायला ३ ते ६ महिने लागतात. मधल्या काळात गंमत अशी होते की जुनं हाड जरा सैल होतं आणि नवीन अजून पक्कं झालेलं नसतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यांत कमी असते. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, माणसाला वाटतं झालं आता, आणा फुटाणे! सांभाळायचा काळ तो आहे.

म्हणून "एका दिवसात" ऐकलं की दोन प्रश्न विचारायचे: पक्के दात किती महिन्यांनी, आणि त्यांचे पैसे याच कोटेशनमध्ये आहेत की वेगळे?

मधला रस्ता

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. आम्हाला पहिल्या ठिकाणी दोनच पर्याय सांगितले होते, साधी कवळी किंवा पूर्ण फिक्स दात. मधला पर्याय कोणी काढलाच नाही. तो मला वाचनात सापडला.

खालच्या जबड्यात समोरच्या बाजूला, जिथे हाड बहुतेक वेळा शिल्लक असतं, तिथे फक्त दोन इम्प्लांट टाकायचे. त्यांच्यावर टिचबटणासारखी गुंडी असते. कवळीच्या आतून तिची दुसरी बाजू. कवळी वरून दाबली की टक् करून बसते, रात्री ओढली की निघते. बोलताना उडत नाही, जेवताना नाचत नाही.

हा काही जुगाड नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले होते. त्यांचं म्हणणं असं होतं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला पहिला पर्याय म्हणून हाच द्यायला पाहिजे, साधी कवळी नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनीही तेच म्हटलं. वरची कवळी तशीही बरी बसते, ती साधीच ठेवता येते.

याला खर्च आहेच. गुंडीतली नायलॉनची चकती झिजते, ती वर्ष-सहा महिन्यांनी बदलावी लागते. पण ते पाच-दहा मिनिटांचं काम असतं. आणि मुख्य म्हणजे कवळी काढून बेसिनवर घासता येते. पूर्ण फिक्स दातांच्या खालून ब्रश फिरवायला बारीक ब्रश किंवा पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र लागतं, आरसा लागतो, हात स्थिर लागतो. सत्तरीतल्या, बोटं वाकलेल्या, मोतीबिंदू झालेल्या माणसाला ते रोज जमेल का, हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि साफसफाई महत्त्वाची आहे. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी पिकते, हाड उतरतं, आणि बहुतेक वेळा ते दुखतही नाही. स्क्रू हलायला लागला तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आमच्या घरी काय झालं

आजी ७२ वर्षांची. शुगर आहे. वरचे-खालचे सगळे दात गेलेले, खालची कवळी स्टीलच्या डबीत पडलेली. पहिलं कोटेशन आलं खाली-वर मिळून पूर्ण फिक्स दातांचं, साडेचार लाख. बाबांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. काकांचं म्हणणं, "या वयात एवढे पैसे तोंडात कशाला घालायचे?" बाबांचं म्हणणं, "आईनं धान लावून, बांध्या करून आपल्याला शिकवलं, आता तिच्या दातांचा हिशोब करायचा का?" दोघंही दोन दिवस बोलेनात. मी ऑफिसमधून एक्सेल शीट बनवून पाठवली, ती कोणी उघडली नाही.

या सगळ्यात आजीला कोणी काहीच विचारलं नव्हतं. तिच्यासमोर तिच्याबद्दल चर्चा चालू. शेवटी आईनं विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

आजी म्हणाली, "मले का नवरी होऊन बसाचं हाय? मले भाकर चावता आली पायजे. अन् मंडईच्या दिवशी पाव्हन्याईसोबत बोलता बोलता कवळी बाहेर नाही आली पायजे. बस."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार, नाटक, घरात पाहुणे. आजी दोन वर्षांपासून मंडईच्या दिवशी मागच्या खोलीतच बसायची. आम्हाला वाटायचं गुडघे दुखतात. कारण कवळीचं होतं.

आजीच्या त्या दोन वाक्यांनी अख्खी रिक्वायरमेंट दिली. वरती साधी नवीन कवळी, खाली दोन स्क्रू आणि गुंडीची कवळी. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना तसं विचारलं, त्यांनी स्कॅन करून समोरचं हाड पुरेसं आहे म्हटलं. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आत. पण आधी त्यांनी तीन महिने थांबवलं, कारण शुगर जास्त होती. आणि शुगर जास्त असायचं एक कारण आमच्या समोरच होतं: दात नाहीत म्हणून तिन्ही वेळ भातच भात. गोळ्या बदलल्या, मऊ उसळ, अंडी, पनीर सुरू केलं, तीन महिन्यांची शुगर खाली आली, मग काम झालं.

आता आजी भाकर खाते. फुटाणे नाही, ते डॉक्टरांनी नाहीच म्हटलंय. मासोळी खाते, पण काटे बाबा काढून देतात. कारण वरची कवळी टाळू झाकते, आणि टाळूला काटा समजत नाही. ही गोष्ट कवळीवाल्या सगळ्या घरांनी लक्षात ठेवा, विशेषतः आपल्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात.

आपल्या भागात हे आधी तपासा

एक, खर्रा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर, कुठल्याही ठेल्यावर पन्नीवर घोटलेला खर्रा मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, खर्रा चालूच आहे. आबाजी खर्रा खातात, आजी नस किंवा गुडाखू लावते, आणि हे डॉक्टरला सांगायची लाज वाटते. सांगा. तंबाखूनं जखम भरत नाही, इम्प्लांट सुटायची शक्यता वाढते. सुपारीनं तोंड उघडायचं कमी होतं, मग हत्यारंच आत जात नाहीत. आणि दातांचं ठरवायच्या आधी अख्खं तोंड तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल तर दातांचा विषय बाजूला ठेवून आधी त्याचं बघायचं.

दोन, शुगर. आज सकाळची नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, एचबीए१सी.

तीन, गोळ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, डेंटिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला अडचण होऊ शकते. जबड्याला किरणोपचार झाले असतील तर तेही.

चार, सिकलसेल. पूर्व विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे. असेल तर कार्ड सोबत न्या.

पैसे आणि सोय

ज्यांच्याकडे लाख नाहीत त्यांचं काय? बहुतेक घरं तीच आहेत. चांगली बनवलेली साधी कवळी हा उपचारच आहे, कोणी कमीपणा मानू नका. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, खर्च कमी येतो.

२०१७ मध्ये केंद्रानं गरीब ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर त्यात कवळीसुद्धा आहे. हे लोकांना माहीतच नसतं. तुमच्या भागात शिबिर कधी आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, ती वेगळी. तिच्यात ६५ च्या पुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात.

आणि प्रवास मोजा. भंडाऱ्याहून नागपूर ६०-६५ किलोमीटर, लाखांदूरहून शंभराच्या पुढे. सर्जरी, टाके, माप, फिटिंग, मग दरवर्षी तपासणी. प्रत्येक वेळी सोबत कोणीतरी पाहिजे. तुमसर, साकोली किंवा भंडाऱ्यातच कोणी देखभाल करणार असेल, तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. ईएमआय दोन वर्षांत संपतो, देखभाल संपत नाही.

हे प्रश्न लिहून न्या

स्क्रीनशॉट काढणाऱ्यांसाठी:

१. उरलेलं हाड किती, ते स्कॅनवर मला दाखवाल का?
२. दोन इम्प्लांट आणि गुंडीची कवळी यांना चालेल का? नसेल तर का नाही?
३. कोटेशनमध्ये स्कॅन, हाड भरणं, तात्पुरते दात, पक्के दात, सगळं आहे का?
४. स्क्रू हाडात धरलाच नाही तर पुढे काय, आणि पैसे कोणाचे?
५. साफ कसं करायचं ते यांच्या हातानं करून दाखवाल का?
६. दरवर्षी किती फेऱ्या आणि किती खर्च?
७. इम्प्लांटचं कार्ड मिळेल का?

सातवा प्रश्न माझ्या धंद्यातून आलाय. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचे भाग आणि पाने वेगळे असतात, एकाचे दुसऱ्याला बसतीलच असं नाही. दहा वर्षांनी वरचा भाग सैल झाला आणि तेव्हा ते डॉक्टर तिथे नसले, तर नव्या डॉक्टरला कळायला पाहिजे की आत काय बसवलंय. कंपनीचं नाव, मॉडेल, माप, लॉट नंबर. बहुतेक कंपन्यांच्या डबीवर याचं स्टिकर असतं. ते मागून घ्या, फोटो काढा, घरच्या ग्रुपवर पिन करा. डॉक्युमेंटेशन नसलेला जुना प्रोजेक्ट अंगावर आला की काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तर या रविवारी घरी फोन कराल तेव्हा "जेवली का?" एवढंच विचारू नका. "काय जेवली?" ते विचारा. चार फोन झाले आणि चारही वेळा भात-वरणच निघालं, तर दातांचं एकदा बघून घ्या.

तुमच्या घरचा अनुभव, विशेषतः वयोश्रीतून कवळी मिळाली असेल तर कशी मिळाली, व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात कानाच्या मशीनबद्दल बोलू, त्याची फर्माईश आबाजी लोकांकडून आली आहे. तोवर काळजी घ्या, आणि रात्री ब्रश करा रे बाबांनो. भेटू!